चिखलणीच्या हंगामात जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ

पाऊस स्थिरावला की कर्जत तालुक्यातील पोशीर परिसरात भातखाचरांच्या चिखलणीची घाई सुरू होते. लावणीला आलेली रोपे फार दिवस थांबत नाहीत. नेमक्या अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन ठणठणीत असूनही मागचा रोटाव्हेटर फिरेनासा होतो. दोष बहुधा पीटीओत असतो.

पीटीओ म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला पुरविणारा, ट्रॅक्टरच्या मागे डोकावणारा खाचांचा दांडा. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८च्या सुमारास ही सोय विक्रीच्या ट्रॅक्टरांत आणली. आजही बहुतेक ट्रॅक्टरांवर हा दांडा सहा खाचांचा, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा असून मिनिटाला ५४० फेरे घेतो.

कोकणात त्याचा खरा शत्रू चिखल. दांड्याभोवतीचे ऑइल सील चिखलाने झिजते, तेल गळू लागते आणि त्याच वाटेने पाणी आत शिरते. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स व हायड्रॉलिकला एकच तेल असते. ते दुधाळ दिसले, तर केवळ वरून भर घालणे म्हणजे बेअरिंग गंजायला सोडणे. तेल काढून, दांडा बाहेर घेऊन सील बदलावे लागते. सील जिथे घासते तिथे दांड्यावर चर पडला असेल, तर नवे सीलही टिकत नाही. मग दांडाच बदललेला बरा. झिजलेल्या खाचांवर वेल्डिंगचा भर देण्याची पद्धत स्वस्त खरी. पण उष्णतेने पोलादाचा कठीणपणा जातो आणि दांडा पुन्हा लवकर झिजतो.

दांडा रिकामा फिरतो, पण भार येताच मंदावतो, असे असेल तर संशय क्लचवर घ्यावा. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्धे दाबल्यास चाकांची, पूर्ण दाबल्यास पीटीओची गती तुटते. आधी पेडलचा मोकळा खेळ तपासावा. प्लेट बदलायची, तर ट्रॅक्टर मधोमध सोडावा लागतो. हे काम गॅरेजचेच.

तपासणी मात्र इंजिन बंद करून, किल्ली काढूनच करावी. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदर किंवा उपरण्याचे टोक अडकले, तर हात मागे घ्यायला वेळ उरत नाही. मळणी यंत्रांवरील अपघातांमुळे १९८३ मध्ये केंद्राला घातक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दुरुस्तीच्या वेळी काढलेले दांड्यावरचे संरक्षक आवरण मात्र अनेकदा गोठ्याच्या कोपऱ्यातच पडून राहते.