‘अ‍ॅस्पायरिंग’ला काम कोण देणार?

लिंक्डइन उघडा आणि स्वतःच्या नावाखालची ओळ वाचा. ‘स्टुडंट अ‍ॅट’ आणि पुढे कॉलेजचं नाव, असंच काहीतरी असणार. नाहीतर ‘अ‍ॅस्पायरिंग ग्राफिक डिझायनर, पॅशनेट लर्नर, ड्रीमर’. आता समजा, नाशिकमध्ये घरगुती मसाल्यांचा उद्योग चालवणाऱ्या एक बाई आहेत. दिवाळीआधी त्यांना पाकिटांसाठी नवी लेबलं करून हवीत आणि माणूस शोधायला हातात जेमतेम दहा मिनिटं आहेत. तुमच्या त्या ओळीतून त्यांना काय कळलं? तुम्ही शिकताय आणि स्वप्नं बघताय. लेबल करता येतं की नाही, ते काही कळलं नाही!

२००३ मध्ये सुरू झालेली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घ्यायचं ठरवलेली ही साइट आपल्याला आठवते ती प्लेसमेंटच्या सीझनला. सीनियर्स सांगतात, मग आपण रेझ्युमे कॉपी-पेस्ट करून मोकळे होतो. नोकरीसाठी ते एक वेळ चालून जाईल. पण शिकता शिकता फ्रीलान्स काम मिळवायचं असेल, तर समोरचा वाचणारा वेगळा असतो. त्याला तुमचे बारावीचे टक्के नको असतात. त्याचं एक काम अडलेलं असतं आणि त्याचे पैसे बऱ्याचदा स्वतःच्याच खिशातून जाणार असतात. हे काम ही व्यक्ती नीट आणि वेळेत करून देईल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

म्हणून नावाखालची ओळ, म्हणजे हेडलाइन, आधी बदला. तिथे २२० अक्षरांची जागा मिळते, पण सर्चमध्ये किंवा मोबाइलवर सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. तेव्हा काम आधी, कॉलेज नंतर. ‘छोट्या खाद्य उद्योगांसाठी लेबल आणि पॅकेट डिझाइन.’ ‘यूट्यूब व्हिडिओंना मराठी-इंग्रजी सबटायटल्स.’ ‘दुकानदारांसाठी टॅलीमध्ये हिशेब.’ तुम्ही कुणाच्या पोस्टवर कॉमेंट केलीत तरी नावासोबत हीच ओळ झळकते, म्हणजे प्रत्येक कॉमेंटबरोबर तुमची पाटी फिरत असते. ‘इतकं नेमकं लिहिलं तर बाकीची कामं हातची जातील ना?’ असं वाटणं साहजिक आहे. माझ्या मते उलट होतं. मोबाइलची स्क्रीन फुटली की आपण ‘सर्व प्रकारची दुरुस्ती’ अशी पाटी शोधत नाही, मोबाइलवाला शोधतो.

फोटोबद्दल फार डोकं खाजवू नका. चेहरा स्पष्ट दिसावा, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नसावा, बास.

खरी मेहनत करायची ती काम दाखवण्यावर. ‘पण अजून एकही क्लायंट नाही, दाखवू काय?’ अहो, फेस्टचं पोस्टर कोणी केलं होतं? कॉलेजच्या वार्षिक अंकाची पानं कोणी लावली? काकांच्या खानावळीचं मेन्यूकार्ड? यातली तीन कामं निवडा, ज्यांची आहेत त्यांना विचारा आणि प्रोफाइलमधल्या ‘फीचर्ड’ या भागात लावा. नुसतं चित्र टाकून थांबू नका, खाली चार ओळी लिहा. अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, काय बदललं. ‘भाव इतके बारीक होते की गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारायचं. अक्षर मोठं केलं, थाळ्या वर घेतल्या.’ डिझाइन करणारा विचारही करतो, हे एवढ्यातून कळतं. टीमने केलेलं काम असेल तर तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट सांगा.

इथेच एक मोह होतो. एखाद्या मोठ्या ब्रँडचं पोस्टर सरावासाठी करायचं आणि ते त्यांचंच काम असल्यासारखं लावून द्यायचं. सराव जरूर करा, पण तिथे ‘सरावासाठी केलेलं’ असं लिहा. मोठ्या नावामुळे चौकशी आली आणि पहिल्याच फोनवर ‘तिथे तुमचं काम कोणी बघितलं?’ असा प्रश्न आला, की विषय तिथेच संपतो.

‘अबाउट’मध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं ‘सी मोर’वर क्लिक केल्यावर. आणि कोण करतं क्लिक? तेव्हा कोणासाठी काय करता आणि साधारण किती दिवसांत देता, ते वरच येऊ द्या. हा मजकूर एआयकडून लिहून घेण्याची सध्या साथ आहे. त्यामुळे सगळ्यांचेच अबाउट एकाच आईची लेकरं वाटतात. बोलता तसं लिहा.

फोटोभोवतीचं हिरवं ‘ओपन टू वर्क’ नोकरी शोधणाऱ्यांसाठी असतं. तुम्हाला कामं हवीत, तर ‘ओपन टू’मधला ‘प्रोव्हायडिंग सर्व्हिसेस’ हा पर्याय बघा. तिथे तुम्ही देत असलेल्या सेवांची यादी लावता येते. आणि एखादं काम दिलंत, समोरचा खूश आहे, की लगेच रेकमेंडेशन मागा. ते त्याला स्वतःच्या अकाउंटवरूनच लिहावं लागतं, म्हणून त्याला वजन असतं. ‘तू माझं लिही, मी तुझं लिहितो’ हा मित्रामित्रांतला प्रकार मात्र वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

एकदा मेसेज आला की हुरळून जाऊ नका. काम देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा डिपॉझिट मागणारा क्लायंट नसतो, सरळ ब्लॉक करा. ‘आधी सँपल म्हणून पूर्ण लोगो करून द्या’ म्हणणाऱ्याला तुमच्या फीचर्डमधली कामं दाखवा. काम पक्कं झालं, की काय द्यायचं, कधी द्यायचं, पैसे किती आणि त्यातले आगाऊ किती, हे चॅटमध्ये लिहून समोरच्याचा होकार घ्या. ‘दोन वेळा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे’ हेही त्यातच टाका, म्हणजे लोगोचा निळा रंग सतराव्यांदा बदलत रात्र काढायची वेळ येत नाही.