सुलोचना : मूकपटाकडून बोलपटाकडे

पडदा मुका होता तोवर नटीला भाषा यावी लागत नसे. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना ही त्या काळची अग्रगण्य नटी. बगदादहून हिंदुस्थानात आलेल्या यहुदी समाजात, पुण्यास १९०७ साली तिचा जन्म झाला. टेलिफोन कचेरीतील नोकरी सोडून ती चित्रपटात शिरली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या मूकपटात तिने आठ निरनिराळ्या भूमिका केल्या. असा पट अमरावती-अकोल्यास दाखविताना पडद्यावरील पाट्या वाचता आल्या म्हणजे पुरे. नटीच्या उच्चारांशी प्रेक्षकास कर्तव्य नसे.

१९३१ साली ‘आलम आरा’ निघाला आणि पडद्यास वाचा फुटली. सुलोचनेस हिंदुस्थानी नीट येत नव्हती. तिने काही काळ काम थांबवून त्या भाषेचा अभ्यास केला व १९३२ च्या ‘माधुरी’ या बोलपटातून ती पुन्हा पुढे आली. १९२८ साली मूकपणे रंगविलेली अनारकली १९३५ साली तिने बोलकी केली. १९५३ च्या ‘अनारकली’त ती सलीमची माता झाली.

१९७३ सालच्या दादासाहेब फाळके पारितोषिकाने तिचा गौरव झाला. १९८३ साली मुंबईस तिचे निधन झाले. रूपाने मिळविलेले स्थान तिने अभ्यासाने राखले होते.