वेढ्यांचा हिशेब

हरभरा फुलावर आलेला असतो. अशा वेळी विहिरीवरील मोटार एकाएकी बंद पडते व जळका वास येऊ लागतो. शेतकरी ती मोटार सोडवून नांदेडला किंवा लातूरला घेऊन जातो. तेथे जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणारे कारागीर आहेत. “उद्यापर्यंत मिळेल ना?” हाच शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, कारण पाण्याची पाळी चुकली, तर दाणा नीट भरत नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात पाण्याचे मोल काय असते, हे निराळे सांगावयास नको.

मोटार जळते म्हणजे काय होते? तिच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. तारेवर वॉर्निशासारखा पातळ लेप असतो. त्यामुळे वेढे एकमेकांस चिकटून असले, तरी वीज मधेच वाट न काढता क्रमाने सर्व वेढ्यांतून जाते व वेटोळ्याला चुंबकाचे सामर्थ्य येते. परंतु विजेचा दाब फार उतरला, किंवा तीन तारांपैकी एकीतील वीज गेली, म्हणजे मोटार प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते व तापते. लेप जळून वेढे एकमेकांस भिडतात आणि मोटार निकामी होते.

कारागीर जळालेली तार काढतो, तेव्हा प्रत्येक वेटोळ्यात किती वेढे होते, हे मोजून वहीत टिपून ठेवतो. मग तितक्याच जाडीची नवी तार तो फर्म्यावर गुंडाळतो. वेढे कमी पडले, तर मोटार अधिक प्रवाह घेऊन पुन्हा तापेल. जास्त झाले, तर तिचा जोर उणावेल. यासाठी त्याच्याजवळ एक साधे यंत्र असते. दांड्यावर फर्मा, दांड्याच्या टोकाला फिरविण्याची मूठ आणि फेरे मोजणारे गणकयंत्र, एवढाच त्याचा पसारा.

अशाच वेटोळ्याचे एक नाजूक भावंड विजेवर वाजणाऱ्या गिटारीत असते. तिच्या पोलादी तारांखाली लहान चुंबक बसवून त्यांच्याभोवती वेटोळे केलेले असते. तार छेडली, की तिच्या कंपनाने वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते व ध्वनिवर्धकातून स्वर मोठा होऊन ऐकू येतो. चुंबक आणि वेटोळे यांच्या हालचालीतून वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले होते. मोटारीत विजेपासून गती मिळते. येथे गतीपासून वीज मिळते.

गिटारीच्या अशा एका वेटोळ्यात सुमारे ८००० वेढे असतात आणि तार केसासारखी बारीक असते. सेकंदाला दोन वेढे या वेगाने मूठ फिरविली, तरी तासाहून अधिक वेळ हात थांबविता येणार नाही. म्हणून मुठीच्या जागी शिवणयंत्राची लहान मोटार लावतात. पायाखालची कळ कमी-अधिक दाबून तिचा वेग सांभाळता येतो. दांड्यावरील चकतीला एक छोटा चुंबक चिकटवितात. प्रत्येक फेऱ्यास तो एका कळीजवळून जातो, कळ क्षणभर मिटते आणि गणकयंत्रावर एक आकडा वाढतो. तार कडेबाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंस अडसर ठेवतात. मिनिटाला १००० फेरे धरले, तर तेच काम आठ मिनिटांत पुरे होते.

मात्र तारेचा ताण बोटांनीच सांभाळावा लागतो. ती फार ओढली, तर तुटते आणि आरंभापासून पुन्हा गुंडाळावी लागते. सैल सोडली, तर वेढे विस्कटतात. यंत्राने श्रम वाचतात, परंतु लक्ष आपणच द्यावयाचे असते.

दुसऱ्या दिवशी मोटार विहिरीवर बसते. कळ दाबताच पाटात पाणी खळखळू लागते. दुकानातल्या त्या वहीतील आकडा शेतकऱ्याने पाहिलेला नसतो. पण तो अचूक होता, म्हणूनच त्याच्या हरभऱ्याला वेळेवर पाणी मिळते.