न्यूझीलंडचे वैमानिक : कॉकपिटमागचा हिशेब

▪ परवाना : एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी किमान १,५०० तास उड्डाण हवे. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात विमानचालनाची पदवीही मिळते.

▪ लांब पल्ला : ऑकलंड–न्यूयॉर्क, सुमारे १४,२०० किमी, सेवा सप्टेंबर २०२२पासून. परतीला साडेसतरा तास लागतात, म्हणून वैमानिक आळीपाळीने बंकवर झोपतात.

▪ अवघड धावपट्टी : डोंगरांच्या कुशीतले क्वीन्सटाउन. खास प्रशिक्षणाशिवाय इथे प्रवासी जेट उतरवता येत नाही. रात्रीची प्रवासी जेट उड्डाणे २०१६मध्ये सुरू झाली.

▪ निवृत्ती : आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ६५ वर्षांची मर्यादा; देशांतर्गत उड्डाणांना कायद्याने वयोमर्यादा नाही.

▪ महाग धडा : २८ नोव्हेंबर १९७९. न्यूझीलंडच्या एका विमानाच्या मार्गाचे निर्देशांक बदलल्याचे वैमानिकांना कळवलेच नव्हते. विमान अंटार्क्टिकातील एरेबस पर्वतावर आदळून २५७ जण दगावले.