वाकांडाचा जयजयकार आणि किलमाँगरचा प्रश्न

चित्रपट हा करमणुकीचा धंदा आहे, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. तिकीट काढावे, दोन-अडीच तास अंधारात बसावे, नायकाने खलनायकाला लोळवले की टाळ्या पिटाव्यात आणि घरी यावे, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. पण एखाद्या चित्रपटाच्या बाबतीत पडद्यावर काय घडले यापेक्षा पडद्यासमोर बसलेल्या माणसांत काय घडले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. २०१८ साली प्रदर्शित झालेला 'ब्लॅक पँथर' हा अमेरिकन चित्रपट अशांपैकी एक होय.

मार्व्हल कंपनीने २००८ सालच्या 'आयर्न मॅन'पासून महानायकांच्या चित्रपटांची एक लांबच लांब साखळी सुरू केली. एका चित्रपटातले पात्र दुसऱ्यात येते, एकाची कथा तिसऱ्यात पुढे सरकते. 'ब्लॅक पँथर' हा या साखळीतला अठरावा चित्रपट. आधीच्या सतरांपैकी एकाचाही मुख्य नायक कृष्णवर्णीय नव्हता. येथे मात्र दिग्दर्शक रायन कूगलर कृष्णवर्णीय, नायक चॅडविक बोसमन कृष्णवर्णीय आणि दोन-तीन गोरे चेहरे सोडले तर सारा नटसंचही कृष्णवर्णीय! कृष्णवर्णीय महानायक पडद्यावर पूर्वी आलाच नव्हता असे नाही. १९९८ च्या 'ब्लेड'मध्ये वेस्ली स्नाइप्स नायक होता. पण नायकाबरोबर त्याचा अख्खा देश, त्याची आई, बहीण, सेनापती, शास्त्रज्ञ आणि पूर्वज एवढ्या इतमामाने पडद्यावर यावेत, हे नवीन होते.

सणासारखा चित्रपट

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी चित्रपट अमेरिकेत लागला आणि चित्रपटगृहांना जत्रेचे रूप आले. लोक आफ्रिकी पद्धतीचे रंगीबेरंगी पोशाख करून, डोक्याला वस्त्र गुंडाळून, आजीआजोबांना आणि लेकरांना बरोबर घेऊन आले. कुठे ढोल वाजले, कुठे नाच झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील मुलांना हा चित्रपट फुकट पाहता यावा म्हणून निधी जमवण्यात आला आणि त्याचे अनुकरण गावोगाव झाले. ऑक्टेव्हिया स्पेन्सर या अभिनेत्रीने मिसिसिपी राज्यात गरीब वस्तीतील मुलांसाठी एक चित्रपटगृहच आरक्षित केले. आफ्रिकेत केनियातील किसुमू शहरातही खास खेळ झाला, कारण चित्रपटातील अभिनेत्री लुपिता न्योंगो ही त्या मातीतली लेक.

हा एवढा आनंद कशाचा होता? कथेत वाकांडा नावाचा एक काल्पनिक आफ्रिकी देश आहे. त्याच्यावर कोणी गोरा कधी राज्य करू शकला नाही. त्याच्या पोटात एक अद्भुत धातू आहे आणि त्या धातूच्या बळावर तो विज्ञानात साऱ्या जगाच्या पुढे गेला आहे. जगाला मात्र तो गरीब शेतकऱ्यांचा देश असल्याचे भासवतो. शेकडो वर्षे ज्यांना 'तुम्हाला इतिहास नाही, तुम्हाला संस्कृती नाही' असे ऐकवले गेले, त्या माणसांना पडद्यावर एक असा देश दिसला की जेथे कोणी त्यांच्या पूर्वजांना साखळदंडाने बांधून जहाजात कोंबलेच नाही. तो देश खोटा आहे हे प्रेक्षकांना पक्के ठाऊक होते. पण आपली सावली ताठ उभी असलेली पाहण्याचे सुख खरे होते.

स्त्रियांना तर या चित्रपटात आपले बरेच काही सापडले. राजाचे रक्षण करणारी सेना स्त्रियांची, तिची सेनापती ओकोये. राजाची धाकटी बहीण शुरी ही देशातली सर्वांत हुशार शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत भावाची चेष्टा करीत ती नवनवी यंत्रे बनवते. काळ्या वर्णाच्या मुलीला मोलकरीण किंवा नायिकेची मैत्रीण एवढेच स्थान देणाऱ्या चित्रपटसृष्टीत ही गोष्ट लहान नव्हती. वेशभूषेसाठी रूथ कार्टर यांनी लेसोथोच्या घोंगड्यांपासून झुलू स्त्रियांच्या उंच टोप्यांपर्यंत आफ्रिकेतील अनेक लोकांचा पेहराव अभ्यासला. पुढे २०१९ मध्ये त्यांना या कामासाठी ऑस्कर मिळाले आणि वेशभूषेचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या.

पोटशूळही उठला

जेथे शोषितांचा आनंद दिसतो, तेथे कोणाच्या तरी पोटात दुखतेच. चित्रपट लागण्यापूर्वीच त्याला मुद्दाम वाईट गुण देण्याचा कट काही मंडळींनी इंटरनेटवर रचला होता. तो उघड झाला आणि फेसबुकने त्यांचा गट बंद केला. चित्रपट लागल्यावर 'आम्ही गोरे म्हणून आम्हाला चित्रपटगृहाबाहेर मारहाण झाली' अशा खोट्या बातम्या जुनी, भलतीकडची छायाचित्रे लावून पसरवण्यात आल्या. त्याही लवकरच उघड्या पडल्या.

या साऱ्याला तिकीटखिडकीने उत्तर दिले. पहिल्या तीनच दिवसांत अमेरिकेत सुमारे २० कोटी डॉलर जमले. त्या दिवसांतील प्रेक्षकांत कृष्णवर्णीय सुमारे ३७ टक्के होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. जगभरातून एकंदर १३० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले आणि त्यातले जवळजवळ निम्मे अमेरिकेबाहेरचे होते. 'काळ्या नायकाचा चित्रपट परदेशात चालत नाही' हे हॉलिवूडच्या शेठ लोकांचे जुने पालुपद खोटे ठरले. सौदी अरेबियात पस्तीसेक वर्षांच्या बंदीनंतर एप्रिल २०१८ मध्ये चित्रपटगृह उघडले, तेव्हा पहिला खेळ याच चित्रपटाचा झाला.

नावाचा इतिहास

'पँथर' हे नाव आपल्या वाचकांच्या घरात नवे नाही. म्हणून त्याची हकीकत येथे सांगितली पाहिजे. ब्लॅक पँथर हे पात्र स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली एका चित्रकथेत आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलँड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर पार्टी' स्थापन केली. त्यांनी नाव चित्रकथेवरून घेतले नव्हते. अलाबामा राज्यात मतदानाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या एका पक्षाचे काळा पँथर हे चिन्ह होते, त्यावरून ते आले. पुढे पार्टीचा दरारा वाढला, तेव्हा चित्रकथेच्या कंपनीला आपल्याच पात्राच्या नावाचा संकोच वाटू लागला आणि १९७२ च्या एका अंकात तिने त्याला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून पाहिले. गंमत अशी की, त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी त्या अमेरिकन संघटनेवरून 'दलित पँथर' हे नाव अभिमानाने धारण केले. कंपनी ज्या नावाला बिचकली, ते नाव सातासमुद्रापलीकडच्या झोपडपट्टीतल्या पोरांनी छातीवर मिरवले!

दिग्दर्शक कूगलर यांचा जन्म ओकलँडचाच. त्यांनी चित्रपटाचा आरंभ आणि शेवट याच शहराशी जोडला, हे उगीच नव्हे.

खलनायकाची बाजू

टाळ्या वाजवून झाल्यावर प्रेक्षक घरी गेले आणि वाद सुरू झाला. तो वाद नायकाबद्दल नव्हता, खलनायकाबद्दल होता. किलमाँगर हा वाकांडाच्या राजघराण्याचाच मुलगा. त्याच्या बापाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे हाल पाहवेनात, म्हणून त्याने आपल्या देशाशी द्रोह केला. सख्ख्या भावाच्या, म्हणजे राजाच्या हातून तो मारला गेला आणि पोर ओकलँडच्या गल्लीत अनाथ राहिले. मोठा होऊन तो वाकांडाच्या दरबारात उभा राहतो आणि विचारतो की, जगभर आपली माणसे चिरडली जात असताना, सारी साधने हाती असूनही तुम्ही कुठे होता?

या प्रश्नाला उत्तर नव्हते. किलमाँगर क्रूर आहे, स्त्रियांनाही ठार मारतो, त्याला राज्य उलथून जगावर सूड उगवायचा आहे. हे सारे मान्य करूनही असंख्य प्रेक्षक म्हणाले, मार्ग चुकीचा, पण प्रश्न बरोबर. ख्रिस्तोफर लेब्रॉन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तर टीकालेखच लिहिला. अमेरिकन कृष्णवर्णीय तरुण तेवढा खुनशी ठरवून मारायचा आणि अमेरिकी गुप्तहेर खात्याचा गोरा अधिकारी मात्र भला दाखवायचा, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोख होता. आणखी काहींनी विचारले की, विज्ञानात एवढा पुढारलेला देश आपला राजा मात्र कुस्तीच्या फडात का ठरवतो? तेथे मतपेटी का नाही? आफ्रिकेतील काही प्रेक्षकांनी तक्रार केली की, पन्नासहून अधिक देशांच्या खंडातील भाषा, वेश आणि चाली एकाच भांड्यात ढवळल्या आहेत. चित्रपटाची मालक असलेल्या डिस्ने कंपनीने मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठी १० लाख डॉलर दिले. १३० कोटींपुढे ते किती, हा हिशेबही लोकांनी मांडला.

काहींना वाटेल, एवढे प्रेम केले तर मग दोष कशाला काढायचे? येथेच खरी गोम आहे. परक्याच्या चित्रपटावर माणूस हसतो, रडतो आणि विसरून जातो. भांडतो तो आपल्या घरातल्या माणसाशी. प्रेक्षकांनी त्या चित्रपटाशी भांडण केले, कारण त्यांनी तो आपला मानला होता. आणि किलमाँगरचा प्रश्न तरी काय? जो वर गेला, त्याने मागे राहिलेल्यांसाठी काय केले? चित्रपटाच्या अखेरीस नायक टचाला आपल्या पूर्वजांना, तुम्ही चुकलात, असे सुनावतो आणि वाकांडाची दारे जगासाठी उघडतो. खलनायक हरतो, पण त्याचा प्रश्न जिंकतो.

नायकाचे मरण

२८ ऑगस्ट २०२० रोजी चॅडविक बोसमन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने वारले. वय अवघे ४३. रोगाचे निदान २०१६ सालीच झाले होते, म्हणजे 'ब्लॅक पँथर'मधील मारामाऱ्या त्यांनी आजारपणातच केल्या. हे जगाला ठाऊक नव्हते. चित्रपट लागला तेव्हा एका मुलाखतीत, कर्करोगाने आजारी असलेली दोन मुले या चित्रपटासाठी तग धरून होती पण त्यापूर्वीच गेली, हे सांगताना त्यांना रडू आवरले नव्हते. त्या अश्रूंचा पुरता अर्थ लोकांना दोन वर्षांनी कळला.

बातमी आली तेव्हा लहान मुलांनी घरोघर आपली खेळणी मांडली. मधोमध ब्लॅक पँथरचा बाहुला निजवला आणि भोवती इतर महानायकांचे बाहुले, छातीवर हातांची फुली करून मानवंदना देताना उभे केले. २०२२ च्या दुसऱ्या भागात कंपनीने टचालाच्या भूमिकेत दुसरा नट आणला नाही. राजा वारला असे दाखवून पँथरचा वारसा शुरीकडे दिला. त्यावरही प्रेक्षकांत दोन तट पडले. एक म्हणाला, हाच खरा आदर. दुसरा म्हणाला, नट गेला तरी राजा जिवंत ठेवा, आमच्या मुलांना तो हवा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा चित्रपटाने कोणाला नोकरी मिळत नाही, घर मिळत नाही, पोलिसांची लाठी थांबत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते. पण ज्या पोराने आपल्यासारखा चेहरा सिंहासनावर पाहिला, ते आरशात थोडे निराळे पाहू लागते. तेव्हा मुलांबरोबर बसून चित्रपट जरूर पाहावेत, टाळ्याही मनमुराद वाजवाव्यात. मात्र दिवे लागल्यावर त्यांना एक गोष्ट विचारायला विसरू नये : नायक आवडला ना? मग आता सांग, त्या दुसऱ्याचे म्हणणे काय होते?