परदेशी नोकरी आणि पांढरी कावीळ

आजचा प्रसंग कोकणातल्या अनेक घरांत घडलेला आहे. मुलगा आखातात निघालाय, एजंटाचे पैसे भरलेत, आणि मेडिकलचा निकाल येतो: ‘अनफिट’. कारण, पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. मुलगा म्हणतो, "पण माझे डोळे तर कधी पिवळे झालेच नाहीत!"

इथूनच सुरुवात करू. कावीळ हे लक्षण आहे. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई दूषित पाण्याअन्नातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून. बी लैंगिक संबंधांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. ‘ए’ची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय मिळतं गळ्यातल्या माळेला! बी आणि सी मात्र वीस-वीस वर्षं काही न दाखवता यकृत पोखरू शकतात.

आता लोकांना वाटतं, देश श्रीमंत म्हणजे धोका कमी. पण कामगार राहतो कुठे ते बघा. एका खोलीत आठ-दहा जण, स्वयंपाकघर एक, पाण्याची टाकी एक. तिथे ए आणि ई ला वाट मिळते. दाढीचं ब्लेड दोघांनी वापरलं, की बी ला. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. मात्र एका ताटात जेवल्यानं किंवा शेजारी झोपल्यानं बी, सी होत नाही.

‘बी’वर लस आहे. तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. म्हणून आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. पासपोर्टचा अर्ज कराल तेव्हाच आधी रक्त तपासा, मग लस सुरू करा. मेडिकलच्या तोंडावर मात्र डोस घेऊ नका. लसीतलं प्रथिन काही दिवस तपासणीत दिसू शकतं आणि निकाल उगाच पॉझिटिव्ह येतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, खरंच पॉझिटिव्ह निघाला तर?)

चांगला प्रश्न. बरेच जण लाजेनं कागद कपाटात ठेवतात आणि दुसरा एजंट शोधतात. तसं करू नका. सी असेल तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवाहून अधिक बरे होतात. बरे झाल्यावरही अँटिबॉडी रक्तात राहते, म्हणून विषाणूची वेगळी चाचणी मागा. बी सहसा समूळ जात नाही, पण औषधानं दाबून ठेवता येतो, आणि प्रत्येकाला औषध लागतंच असंही नाही. तपासणी सहा-सहा महिन्यांनी हवीच. जुलै २०१८ पासून केंद्राच्या कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आणि घरी जाऊन आधी बायको-मुलांचं रक्त तपासा. जे निगेटिव्ह निघतील, त्यांना लस द्या. व्हिसाचं त्यानंतर बघता येईल.