सुकाणू सुटे आहे ना?

नारळी पौर्णिमा झाली की रायगडच्या किनाऱ्यावरील होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागतात. रेवस, थळ, अलिबाग, मुरूड अशा कोणत्याही कोळीवाड्यात जाऊन विचारा. होडी उभी असताना लाटांच्या हिसक्यांनी सुकाणू आपटून मोडू नये म्हणून ते बांधून ठेवणे शहाणपणाचे असते. निघण्यापूर्वी ती दोरी सोडायची आणि सुकाणू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहायचे. जाणत्या तांडेलाला या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही.

विमानालाही सुकाणू असते. एक नव्हे, तीन प्रकारची. शेपटीवरील उभी झडप नाक डावी-उजवीकडे वळवते, पंखांच्या टोकांजवळील झडपा विमान कलवतात आणि शेपटीवरील आडवी झडप नाक वर किंवा खाली नेते. या आडव्या झडपेला एलिव्हेटर म्हणतात. विमान मैदानात उभे असताना वाऱ्याच्या झोतांनी या झडपा आपटू नयेत म्हणून त्या एका कडीने जखडून ठेवण्याची सोय अनेक विमानांत असते. तिचे नाव गस्ट लॉक. होडीची दोरी आणि विमानाची ही कडी, दोन्हींचे काम एकच. ही कडी काढायची राहिली तर काय होते, ते आज पाहू.

आपल्या रायगड जिल्ह्यातही आता मोठा विमानतळ आहे. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली. तेथील धावपट्टी ३७०० मीटर लांब आहे. एवढी लांब धावपट्टी कशाला, असे तुम्हाला वाटेल. छोट्या खाजगी जेट विमानाला तर याहून कितीतरी कमी लांबी पुरते. तरीही विमाने कधी कधी धावपट्टी सोडून जातात. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात उतरताना एक छोटे जेट धावपट्टीच्या बाजूला घसरले. आतील आठही जण वाचले. हे बाजूने बाहेर जाणे झाले. दुसरा प्रकार म्हणजे धावपट्टी संपली तरी विमान न थांबणे. या दुसऱ्या प्रकाराचा अतिशय बारकाईने तपास झालेला एक अपघात अमेरिकेतील आहे.

३१ मे २०१४ ची रात्र. बोस्टन शहराजवळच्या बेडफर्ड येथील हॅन्सकम फील्ड या विमानतळावरून गल्फस्ट्रीम-४ जातीचे एक खाजगी जेट अटलांटिक सिटीला निघाले होते. दोन वैमानिक, एक कर्मचारी आणि चार प्रवासी, असे सात जण आत होते. धावपट्टी सुमारे २१३७ मीटर लांब होती. हवेचा किंवा इंजिनांचा काही दोष नव्हता. विमान धावू लागले, वेग वाढला, उचलण्याची वेळ आली. पण नाक वर येईना. गस्ट लॉक लागलेलेच होते.

आता थोडे भौतिकशास्त्र आठवा. नुसता वेग वाढला म्हणून विमान उडत नाही. पंखाला वर उचलणारे बल वेगावर अवलंबून असते, तसेच पंख समोरून येणाऱ्या हवेशी किती कोन करतो यावरही अवलंबून असते. पुरेसा वेग आल्यावर वैमानिक एलिव्हेटर हलवून नाक वर करतो, कोन वाढतो आणि विमान जमीन सोडते. एलिव्हेटरच जखडलेला असेल तर ते विमान म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरने धावणारी एक जड गाडीच.

मग गाडी थांबवावी, हे उघड आहे. येथे सेकंदांचा हिशेब सुरू होतो. या विमानाचा सर्वांत जास्त वेग १६२ नॉट, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर नोंदला गेला. मीटरमध्ये सांगायचे तर सेकंदाला सुमारे ८३ मीटर. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत विमान फुटबॉलच्या मैदानाची बहुतेक लांबी ओलांडून जाते.

शिवाय थांबवायची असते ती गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ब्रेक लावल्यावर विमानाचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो. ताशी १५० किलोमीटर वेग असेल तर थांबण्यास सुमारे २१७ मीटर अंतर लागेल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ३०० झाला, तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. सुमारे ८६८ मीटर. म्हणजे प्रत्येक सेकंदाच्या उशिराने दुहेरी नुकसान होते. पुढची धावपट्टी कमी होते, आणि वेग वाढत असल्याने थांबण्यास लागणारे अंतर मात्र वाढते. मागे पडलेली धावपट्टी कितीही लांब असो, तिचा आता काही उपयोग नसतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा अहवाल २०१५ साली दिला. वैमानिकांच्या कक्षातील ध्वनिमुद्रणावरून कळले, की मुख्य वैमानिकाने "लॉक लागले आहे" अशा अर्थाचे उद्गार काढले होते. म्हणजे बिघाड त्याच्या लक्षात आला होता. त्या पहिल्या उद्गारानंतर सुमारे ११ सेकंदांपर्यंत उड्डाण रद्द केले असते, तरी विमान पक्क्या जागेवरच थांबू शकले असते, असे गणिताने दिसून आले. प्रत्यक्षात ब्रेक लावण्यास सुमारे १० सेकंद गेली, आणि इंजिनांची शक्ती कमी करण्यास आणखी ४ सेकंद. त्या काळात धावता धावताच लॉक सोडवण्याची धडपड चालली होती. इंजिने जोर लावत असताना नुसत्या ब्रेकने काय होणार? विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले, दिव्यांना आणि अँटेनाला धडकले, कुंपण तोडून एका ओढ्याच्या घळीत पडले आणि पेटले. सातही जण दगावले.

आता खरा प्रश्न. कडी काढायची राहिली, हे निघण्यापूर्वी कळले कसे नाही? कळण्याचा उपाय अगदी साधा होता. इंजिने सुरू झाल्यावर नियंत्रक दांडा पुढे-मागे, डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहायचा. ही तपासणी यादीत लिहिलेली असते. त्या रात्री ती झाली नाही. मंडळाने त्या विमानातील जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांपूर्वी ही तपासणी पूर्णपणे झालेलीच नव्हती, असे आढळले. दोघेही वैमानिक नवशिके नव्हते. त्यांनी एकत्र पुष्कळ उड्डाणे केली होती. दरवेळी तपासणी टाळली आणि दरवेळी विमान सुखरूप उतरले. त्यामुळे तपासणीची गरजच नाही असे मनाने ठरवून टाकले.

दोष केवळ त्यांचाच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गस्ट लॉक लागलेले असताना इंजिनांची शक्ती वाढवणारा दांडा थोडासाच पुढे जावा, अशी अडसराची योजना या विमानात होती. प्रत्यक्षात तो दांडा अपेक्षेपेक्षा बराच जास्त पुढे जात होता. हा दोष कारखान्याला आणि सरकारी तपासणी यंत्रणेलाही दिसला नव्हता. माणसाची चूक यंत्राने पकडावी म्हणून ठेवलेला दुसरा पहारेकरीही असा झोपलेला निघाला. म्हणून पहिल्या पहारेकऱ्याने, म्हणजे आपण स्वतः, जागे राहणे भाग आहे.

प्रयोगशाळेत मायक्रोमीटर हाती घेतल्यावर प्रथम शून्यत्रुटी पाहा, असे शिक्षक सांगतात. बरेच विद्यार्थी मोजमाप आधी करतात आणि वहीत "शून्यत्रुटी : नाही" असे नंतर लिहून टाकतात. बहुतेक वेळा उत्तर बरोबरही येते. पण न पाहता लिहिलेले "नाही" आणि पाहून लिहिलेले "नाही" यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात माहिती नसते, केवळ आशा असते.

एक प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहा. ओहोटीच्या वेळी अलिबाग किंवा नागावच्या कठीण वाळूवर, शिक्षकांना बरोबर घेऊन, सायकल एका ठरावीक वेगाने चालवा. मित्राने शिटी वाजवली की ब्रेक लावा. शिटी वाजली ती जागा, चाकाची ब्रेकची खूण सुरू झाली ती जागा आणि सायकल थांबली ती जागा, अशा तीन ठिकाणी काठ्या रोवा. पहिले अंतर विचाराचे, दुसरे ब्रेकचे. आता वेग दुप्पट करा आणि दोन्ही अंतरे पुन्हा मोजा. कोणते अंतर दुप्पट झाले आणि कोणते चौपटीकडे गेले, ते तक्त्यात मांडा.

आणि हो, प्रयोगाला निघण्यापूर्वी सायकलचे दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. काल ते लागले होते, म्हणून आज लागतीलच असे नाही.